भोपळा पुस्तकातला, घारगे आपल्या घरातले

पालकसभेला एक आई नेहमी शेवटच्या बाकावर बसत. मुलगा आमच्या वर्गात, दुसरीत. वाचताना अडखळायचा. 'घरी रोज दहा मिनिटं वाचून घ्या,' असं आम्ही सगळ्यांना सांगतो तसंच त्यांनाही सांगितलं. सभा संपल्यावर त्या थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "टीचर, मेरे को मराठी पढ़ना नहीं आता. उर्दू आती है. मैं इसका अभ्यास कैसे लूँ?"

आमच्या साजगाव-खोपोलीत अशी घरं बरीच आहेत. घरातली बोली एक, शाळेची भाषा दुसरी. मग आईला वाटतं, मुलाच्या शिक्षणात आपलं काम डबा भरून देण्यापुरतं. खरं तर चूक आमच्या सल्ल्याची होती. त्यांना जे येत नाही तेच आम्ही करायला सांगत होतो. जे येतं त्याबद्दल कधी विचारलंच नव्हतं.

मग आम्ही त्यांच्याकडे एक चित्रांचं पुस्तक दिलं. गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची, भोपळ्यात बसून वाघ-कोल्ह्याला चकवणाऱ्या म्हातारीची. सांगितलं, "अक्षरं तो वाचेल. चित्रांवरून गोष्ट तुम्ही तुमच्या बोलीत सांगा. आणि रविवारी त्याला घेऊन आमच्या घरी या, घारगे करू."

रविवारी दोघं आली, सोबत लाल भोपळ्याची फोड. हात धुतले, बिस्मिल्लाह म्हटलं. मुलानं पुस्तक उघडून भोपळ्याचं चित्र समोर ठेवलं. किस एक वाटी, गूळ अर्धी वाटी, त्यानंच मोजला. दोन्ही मंद आचेवर ठेवून, गार करून त्यात कणीक घालायची वेळ आली. आम्ही सवयीनं म्हणालो, "थोडं पाणी घाल." त्यानं घातलं आणि पीठ पातळ झालं. आई इतका वेळ गप्प होत्या. आता हसून म्हणाल्या, "टीचर, कद्दू अपना पानी छोड़ता है. गुड़ भी पिघलता है. पानी नहीं डालते."

त्या दिवशी शिकवणाऱ्या त्या होत्या, शिकणारे आम्ही. मुलानं आईकडे पाहिलं, ते आमच्या लक्षात राहिलं. आपल्या आईला टीचरपेक्षा जास्त येतं, हे त्याला बहुधा पहिल्यांदाच कळलं असावं.

तुम्हालाही हे घरी करता येईल. पाच वर्षांच्या मुलानं भोपळ्याच्या बिया मोजाव्यात, दहा-दहाचे ढीग लावावेत. सात-आठ वर्षांच्यानं वाटीचं माप घ्यावं. दोन वाट्या किसाला गूळ किती, हे त्यालाच विचारा. पाणी न घालता पीठ ओलं कसं झालं, हा प्रश्न मोठ्यांसाठी. मावेल तेवढीच कणीक, दोन चमचे तांदळाचं पीठ, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड. घारगे थापायला सगळ्यांचे हात लागू द्या, मुलग्यांचेसुद्धा. फक्त उकळत्या तेलाजवळ मोठ्यांनीच जायचं.

हे काही आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये आपल्या वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. त्यानंतर नव्या शिक्षणाचा आराखडा करायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, जामिया मिल्लियाचे कुलगुरू आणि पुढे 1967 मध्ये देशाचे राष्ट्रपती. मुलानं मातृभाषेतून आणि हाताच्या कामातून शिकावं, हा त्या योजनेचा गाभा. त्याच झाकिर साहेबांनी मुलांसाठी उर्दूत गोष्टीही लिहिल्या. 'अब्बू खाँ की बकरी' ही त्यांपैकीच एक. गोष्ट आणि हातकाम या दोन्हींचं मोल त्यांना ठाऊक होतं.

घारगे खाऊन झाल्यावर आम्ही त्या मुलाला एक कोरी वही दिली. मराठी वही डावीकडून उघडते, उर्दू उजवीकडून. म्हणून डावीकडून त्यानं मराठीत लिहिलं: लाल भोपळा, गूळ, कणीक, वेलदोडा. उजवीकडून आईनं उर्दूत लिहिलं: कद्दू, गुड़, आटा, इलायची. वहीच्या मधल्या पानावर दोघांनी मिळून भोपळ्याचं चित्र काढलं. एकाच वहीत दोन भाषा आणि कुणाचीही पाटी कोरी नाही.

पुस्तकं महाग असतात, ही अडचण खरी. पण प्रथम बुक्सनं 2015 मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांतली चित्रांची पुस्तकं मोबाईलवर फुकट वाचता येतात. विकत घ्यायची असतील तर नॅशनल बुक ट्रस्ट आणि पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तकं पाहा. माधुरी पुरंदरे स्वतःच लिहितात, स्वतःच चित्रं काढतात. त्यांची पुस्तकं घरातल्या रोजच्या जगण्याची आहेत. आणि पुस्तक नसेलच, तर वर सांगितली तशी वही करा.

कार्तिकी एकादशीला आमच्या साजगावात विठोबाची यात्रा भरली. सुक्या मासळीचा एवढा मोठा बाजार की लोक 'बोंबल्या विठोबा' म्हणूनच ओळखतात. आजूबाजूची सगळी घरं, आपलीही, तिथून बेगमी करतात. त्या मुलानं बाजारातून आल्यावर वहीत नवं पान लिहिलं, सुक्या बोंबलाच्या चटणीचं. बोंबलाचं चित्र, लसूण किती पाकळ्या, मिरच्या किती. 'चटणी' लिहिताना 'ट'चा 'ठ' झाला होता. आम्ही लगेच लाल शाई लावली नाही. आधी त्याला पान मोठ्यानं वाचायला सांगितलं. वाचताना चूक त्यालाच सापडली.

वाचताना तो अजून अडखळतो. पण आता थांबून बसत नाही, पुढचा शब्द शोधतो. आणि मागच्या सभेला त्याच्या आई दुसऱ्या बाकावर बसल्या होत्या, वही मांडीवर घेऊन.

पालकहो, येत्या रविवारी एक पुस्तक आणि एक पदार्थ निवडा. वाचता येतं की नाही याची चिंता नको. तुमच्या हाताला जे येतं, तेही मुलासाठी इल्मच आहे.