आधी ॲम्प्युल हातात द्या

गेल्या आठवड्यात दुसऱ्या वर्षाच्या वर्गात टेबलावर इन्सुलिनच्या दोन व्हायल ठेवल्या, आत साधं पाणी भरून. एकीवर 40 युनिट प्रति मिली, दुसरीवर 100. शेजारी दोन सिरिंज, एक लाल टोपणाची, एक केशरी टोपणाची. पहिल्या बाकावरच्या मुलीला म्हटलं, "वीस युनिट भर." तिने हाताशी आली ती 100ची व्हायल घेतली आणि लाल टोपणाची सिरिंज. रबर पुसलं, हवा काढली, सिरिंज डोळ्यांसमोर आडवी धरून वीसच्या खुणेपर्यंत भरली. हात जराही थरथरला नाही. पण सिरिंजमध्ये 50 युनिट होते.

लाल टोपणाची सिरिंज 40च्या इन्सुलिनसाठी असते. तिच्यावरची वीसची खूण म्हणजे अर्धा मिली, आणि 100च्या व्हायलमधला अर्धा मिली म्हणजे 50 युनिट. अडीचपट. हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा सगळा वर्ग गप्प झाला. याच मुलीने आदल्या चाचणीत इन्सुलिनचे सगळे प्रकार, कोणतं किती वेळात लागू पडतं आणि किती तास टिकतं, हे न चुकता लिहिलं होतं. मला तिचा राग आला नाही. आम्ही तिला तेवढंच शिकवलं होतं.

नर्सिंगला फार्मॅक, म्हणजे औषधशास्त्र, शिकवताना आपण एमबीबीएसचं पुस्तक उघडतो आणि त्यातली थोडी पानं गाळतो. माझ्या मते चूक इथेच होते. औषध निवडणं डॉक्टरचं काम, ते पेशंटच्या अंगात पोचवणं सिस्टरचं. देण्याआधी काय बघायचं, कशात मिसळायचं, किती वेगाने सोडायचं, काय दिसलं की हात थांबवायचा, हे सिस्टरचे प्रश्न. डिगॉक्सिनच्या गोळीचं वर्गीकरण येवो न येवो, गोळी देण्याआधी छातीवर स्टेथो लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे आणि ते 60च्या खाली असले तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं, हे मात्र तिला झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या 2021च्या अभ्यासक्रमात बीएस्सी नर्सिंगला फार्मॅकचे तिसऱ्या सेमिस्टरला 20 आणि चौथ्या सेमिस्टरला 60 तास आहेत. एवढ्यात शरीरातल्या सगळ्या संस्थांची औषधं संपवायची. मी पाहिलेल्या कॉलेजांत हा विषय बरेचदा बाहेरून येणारे डॉक्टर किंवा फार्मासिस्ट शिकवतात. ते मन लावून शिकवतात, पण रात्रपाळीला तीस पेशंटचा औषधांचा ट्रे त्यांनी कधी फिरवलेला नसतो. मग नोट्स सांगितल्या जातात, मुली उतरवून घेतात आणि पाचशे मिलीची बाटली चार तासांत जायला मिनिटाला किती थेंब, हा हिशेब कुणी घालतच नाही. वीस थेंबांचा एक मिली असेल तर बेचाळीस. वॉर्डात हे रोज लागतं.

भाषेचंही तसंच. आमच्या कितीतरी मुली जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या. पेपर इंग्रजीत लिहायचा आहे, तो त्या लिहितील, मेहनती आहेत. पण शिकवणारा मराठीत का बोलत नाही? खाटेवरची आजी विचारते, "सिस्टर, ही गोळी जेवणाआधी का नंतर? आणि घेतली की चक्कर का येते?" त्याचं उत्तर मराठीतच द्यायचं असतं, आणि जे आपल्या भाषेत सांगता येत नाही ते आपल्याला समजलेलंच नसतं.

काही वर्षांपूर्वीची एक जीएनएमची मुलगी मी विसरू शकत नाही. लेबर वॉर्डात ड्यूटी. झटके येऊन दाखल झालेल्या बाळंतिणीला मॅग्नेशियम सल्फेट चालू होतं, दर चार तासांनी कमरेत इंजेक्शन. स्टाफ दुसऱ्या बाळंतपणात अडकलेल्या, म्हणून हिला सांगितलं, डोसची वेळ झाली, भरून ठेव, मी आले. हिने भरण्याआधी हातोडी घेतली आणि बाईच्या गुडघ्याखाली मारली. पाय उडाला नाही. दोन्ही बाजूंनी पाहिलं, नाहीच. श्वास मोजले, लघवीची पिशवी पाहिली, तीही जवळजवळ रिकामी. ती धावत जाऊन म्हणाली, "ताई, डोस द्यायचा नाही." मॅग्नेशियम अंगात साठलं की आधी ही गुडघ्याची प्रतिक्रिया जाते, मग श्वास मंदावतो, पुढे हृदय. डॉक्टरांनी डोस थांबवला, कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशी आणून ठेवलं. बाई चौथ्या दिवशी बाळ घेऊन घरी गेली.

त्याच मुलीला नंतर तोंडी परीक्षेत मॅग्नेशियम पेशींवर नेमकं कसं काम करतं ते विचारलं. तिला सांगता आलं नाही, मार्क कापले गेले. ते मार्क मला आजही टोचतात.

म्हणून परीक्षकांना विनंती आहे, तोंडी परीक्षेत एक तरी ॲम्प्युल विद्यार्थिनीच्या हातात द्या आणि विचारा, हे देण्याआधी तू काय बघशील? वॉर्डातल्या सिस्टरांनाही सांगणं आहे, घाई कितीही असो, ट्रे फिरवताना एका मुलीला सोबत घ्या, आणि तिने "थांबा" म्हटलं तर खरंच थांबा.

पुढच्या तासाला मी डिस्टिल्ड वॉटर आणि पोटॅशियम क्लोराइड, दोन्हींच्या दहा मिलीच्या ॲम्प्युल शेजारी शेजारी ठेवणार आहे. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. एकीने पावडर विरघळवतात, दुसरी तशीच शिरेत सोडली तर हृदय बंद पडतं. तुम्ही शिकवत असाल तर तुमच्या वर्गातही ठेवा.