इंजिन 'पडतं' तेव्हा...

मित्रांनो, मी पडले कॉन्व्हेंटची. मराठी लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घाची बोंब! तेवढं सांभाळून घ्या. पण ही गोष्ट आमच्या खाप्याची आहे, इंग्रजीत तिची मजाच जाईल.

कन्हान नदीच्या काठी माझ्या मामाची संत्र्याची बाग आहे. ऐन मे महिन्यात त्याचं पाण्याचं डिझेल इंजिन दम सोडायला लागलं. पंधरा मिनिटं झकास चालायचं, मग आवाज बसायचा, पाण्याची धार बारीक. थोडा वेळ बंद ठेवलं की पुन्हा ठीक! मेकॅनिकने न खोलताच सांगून टाकलं, "बोअर करा लागते. पिस्टन, रिंगा, सगळंच." मामा बियाण्यासाठी ठेवलेले पैसे काढायला निघाला. मला म्हणाला, "काय वं, तू इंजिनेर होऊन रायली ना? मंग सांग, काऊन पडते हे?"

डिझेल सायकलचा पी-व्ही डायग्राम मी डोळे मिटून काढते. पण त्या क्षणी माझी दातखिळी बसली!

रात्री रूममेटला फोन लावला. ती रत्नागिरीची, घरची मासेमारीची बोट मिरकरवाडा बंदरात असते. बोटीच्या पोटात बसवलेलं इंजिन समुद्रात पडलं तर गॅरेज कुठून आणणार? म्हणून तिला लहानपणापासून ठाऊक, आधी प्रश्न विचारायचे, पाना नंतर उचलायचा.

तिने पहिलं विचारलं, "धूर कसा आहे?" काळा असेल तर डिझेलच्या मानाने हवा कमी, म्हणजे एअर फिल्टर चोंदलाय, नोझल बिघडलंय किंवा लोड जास्त झालाय. बोटीत पंख्याला जाळं अडकलं किंवा तळाला शिंपले चिकटले तरी काळा धूर येतो, बिचारं इंजिन निर्दोष असतं! निळा असेल तर ऑइल जळतंय, तेव्हा रिंगांवर संशय घ्यायचा. आमच्याकडे धूर जवळजवळ नव्हताच. म्हणजे डिझेलच पुरेसं पोचत नव्हतं. फिल्टर मामाने नुकताच बदललेला. आणि बंद ठेवल्यावर बरं होतं? "मग टाकीचं झाकण बघ," ती म्हणाली.

सकाळी पाहिलं. झाकण कधीच हरवलेलं, मामाने तिथे प्लास्टिकची पिशवी सुतळीने करकचून बांधलेली! डिझेल खाली उतरतं तशी टाकीत वरून हवा यायला हवी. ती येईना, आत निर्वात तयार होई आणि डिझेल अडे. थांबलं की हवा हळूहळू आत झिरपे. पिशवी सोडली, इंजिन दुपारपर्यंत न थांबता चाललं. खर्च शून्य रुपये!

आता माझा मुद्दा. आपण प्रॅक्टिकलला काय करतो? चालू इंजिनवर रीडिंग घेतो, तेही बरेचदा सीनियरच्या जर्नलमधून! बिघडलेलं इंजिन आपल्यासमोर कोणी ठेवतच नाही. सरांनी मुद्दाम एक दोष करून ठेवावा, फिल्टर चोंदवावा, पाइपात हवा सोडावी आणि म्हणावं, शोधा. मार्क उत्तराला नकोत, कोणत्या क्रमाने शोधलं त्याला द्यावेत. आधी फुकटचं तपासायचं, मग स्वस्तातलं आणि शेवटी इंजिन खोलायचं. हा क्रम चुकला की भुर्दंड शेतकऱ्याला बसतो, आपल्याला नाही.

मामा आता गावभर सांगतो, "भाचीनं इंजिन दुरुस्त केलं." खरं श्रेय रूममेटचं. पण मी अजून त्याला सांगितलेलं नाही... तुम्हीही सांगू नका हं!