सरासरी आणि शेवटचा बाक

मंडळी, "लवकर" आणि "वेळेवर" या शब्दांतला फरक मी वर्गात कितीदा तरी समजावून सांगितला असेल. मला स्वतःला तो नीट कळला मात्र सत्तरी ओलांडल्यावर, आणि तोही कॉम्प्युटरमुळे!

माझा भाचा यंत्रं चालवणारे प्रोग्रॅम लिहितो. मध्यंतरी तो आला होता, तेव्हा म्हणाला, "मावशी, आमच्याकडे नुसतं लवकर चालत नाही, वेळेवर लागतं." मग काय, शिक्षिकेची खोड! पूर्ण समजल्याशिवाय त्याला उठू दिलं नाही.

तर ऐका. प्रोसेसर एखादं काम करत असतो. तेवढ्यात कीबोर्ड, नेटवर्क, घड्याळ यांपैकी कोणीतरी हाक मारतं. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर हातातलं काम कुठवर आलं त्याची खूण ठेवतो, हाकेला ओ देतो आणि मग मूळ कामाकडे परततो. मला लगेच आमचा शिपाई आठवला. कविता रंगात आलेली असायची आणि हा सूचनावही घेऊन दारात उभा! नवीन असताना मी शिकवणं थांबवून सगळी सूचना वाचून दाखवायची. पुढे शहाणी झाले. सही करून वही परत द्यायची आणि सूचना तास संपताना सांगायची. कर्नलही असंच करतो म्हणे. तातडीचं तेवढं ताबडतोब, बाकीचं मागाहून.

पण "मागाहून"चं हे कामसुद्धा कधीकधी महत्त्वाच्या कामाच्या आडवं येतं. शिवाय कर्नलमध्ये काही जागा अशा असतात की तिथलं काम सुरू असेपर्यंत दुसऱ्या कोणाला पुढे जाता येत नाही. म्हणून लिनक्सच्या रिअल टाइम प्रकारात बहुतेक इंटरप्टांची कामं रांगेत उभी केली. प्रत्येकाला अग्रक्रम दिला. यंत्राचा हात थांबवायचं काम नेटवर्कच्या कामापेक्षा महत्त्वाचं असेल, तर नेटवर्कने थांबायचं. हाक मारली म्हणून पहिला मान मिळणार नाही! हा बदल मूळ लिनक्समध्ये पूर्णपणे यायला सुमारे वीस वर्षं लागली. शेवटचा मोठा अडसर होता पडद्यावर संदेश छापण्यासारख्या साध्या कामाचा. तो दूर झाल्यावर २०२४ च्या सप्टेंबरमध्ये लायनस टॉरवाल्ड्सने हे काम स्वीकारलं आणि नोव्हेंबरमधल्या ६.१२ आवृत्तीत ते सर्वांना मिळालं.

आता गंमत पाहा. एवढं करून कॉम्प्युटर जलद होतो का? नाही! एकूण काम थोडं कमीच होतं. मग मिळतं काय? तर जास्तीत जास्त किती उशीर होईल याला मर्यादा पडते. ही माणसं सरासरी उशीर पाहत नाहीत, सगळ्यात वाईट वेळी किती उशीर झाला ते पाहतात.

हे ऐकलं आणि मी गप्पच झाले.

१९९७ च्या जुलैमध्ये अमेरिकेचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. थोड्याच दिवसांत त्याचा कॉम्प्युटर अधूनमधून स्वतःच पुन्हा सुरू होऊ लागला. हवामानाचं एक कमी महत्त्वाचं काम सामायिक वस्तू अडवून बसायचं. त्याला मधल्या अग्रक्रमाची कामं पुढे सरकू देत नसत, आणि ज्याला ती वस्तू हवी ते जास्त महत्त्वाचं काम ताटकळायचं. पृथ्वीवरून एक सोय सुरू करून दिली, की अडवणाऱ्याला तेवढ्यापुरता वाट पाहणाऱ्याचा अग्रक्रम मिळावा, म्हणजे तो लवकर मोकळा होईल. हा दोष उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही क्वचित दिसला होता, पण पुन्हा पकडीत आला नव्हता. सरासरी उत्तम होती ना!

माझ्याही वर्गाची सरासरी उत्तम असायची. एका वर्षी आठवीचा निकाल चांगला लागला म्हणून माझं कौतुक झालं. त्याच वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगी होती. तिला धड्याचा एक परिच्छेद सलग वाचता येत नव्हता, हे मला वार्षिक परीक्षेनंतर कळलं. पुढल्या वर्षी ती शाळेत आलीच नाही. हात वर करणाऱ्या मुलांना मी वर्षभर लगेच ओ दिली. तिने कधी हात वर केला नाही. माझ्या सरासरीत ती कुठेच दिसली नाही.

भाचा म्हणाला, "मावशी, सगळीकडे रिअल टाइम लागत नाही. मोठ्या सर्व्हरवर एकूण काम जास्त झालेलं बरं." मान्य आहे. माझं पत्र दोन सेकंद उशिरा गेलं तर काही बिघडत नाही. पण जिथे उशिराने कोणाचं तरी कायमचं नुकसान होतं, तिथे सरासरी सांगणं मला अप्रामाणिक वाटतं. रुग्णवाहिका सरासरी किती मिनिटांत येते, पेन्शन सरासरी किती दिवसांत सुरू होतं, हे आकडे खरे असतील. पण शेवटच्या माणसाला किती थांबावं लागलं, तेही त्याच पानावर छापा ना! त्यासाठी एकूण वेग थोडा कमी झाला तरी चालेल. त्या प्रोग्रॅमरांनी ती किंमत समजून उमजून दिली.

असो. तो वर्ग आता परत मिळणार नाही. पण तुमच्यापैकी जे अजून शिकवताहेत, त्यांनी उद्या एकदा हात वर न करणाऱ्या मुलाला वाचायला उभं करावं. एवढंच सांगायचं होतं.