किचनची चावी कोणाकडे?

आमच्या कार्यालयात अधूनमधून एक ठरावीक फोन येतो. "व्हिजन-मिशनचा एखादा नमुना आहे का? मराठीत असला तर बरं." विचारणारे नवे हॉटेल काढत असतात, नाहीतर वडिलांची खाणावळ वाढवून तिचे रिसॉर्ट करत असतात. बँकेला द्यायच्या प्रकल्प अहवालातले एक पान रिकामे असते, किंवा वेबसाइट करणारा मुलगा मजकुरासाठी मागे लागलेला असतो. भाडेकराराचा मसुदा मागावा तसा हा नमुना मागितला जातो. आम्ही तो देत नाही. अशा नमुन्याचे पुढे काय होते, ते एका रात्री पाहिले आहे.

महामार्गावरच्या एका हॉटेलात आम्ही पावणेबाराला पोचलो. बरोबर ऐंशी ओलांडलेली आई, दिवसभराच्या प्रवासाने कावलेली. तिला मऊ भात आणि कपभर दूध, एवढेच हवे होते. काउंटरमागे पितळी चौकटीत इंग्रजीत तीन परिच्छेद होते, वर 'अतिथी देवो भव', खाली मालकांची सही. काउंटरवर विशीतला एक मुलगा होता, अदबीने बोलणारा. पण किचनला कुलूप, चावी मॅनेजरच्या खिशात आणि मॅनेजर घरी. फोन लावायला तो धजेना. मागे एकदा असाच लावला तेव्हा बोलणी खाल्ली होती, हे त्याने आपणहून सांगितले. शेवटी त्याने स्वतःच्या डब्यातला भात पुढे केला. चौकटीतले तीन परिच्छेद त्याने कधी वाचले होते का, हे विचारायचे राहून गेले.

व्याख्यांत फार अडकू नये. दहा वर्षांनी आपण कुठे असू ही दृष्टी, आज सकाळी शटर कशासाठी उघडले हे ध्येय. खरी गडबड होते ती तिसऱ्या शब्दाशी. मराठीत 'मूल्य' म्हणजे आधी किंमत. 'व्हॅल्यूज'चे भाषांतर करताना आपण तो अर्थ सोयीने विसरतो आणि प्रामाणिकपणा, उत्कृष्टता, नावीन्य अशी कागदी फुले मांडतो. विसरलेला अर्थ परत आणावा, असे आमचे म्हणणे आहे. यादीतल्या प्रत्येक मूल्यापुढे, त्याच्यापायी आजवर किती मोजले ते लिहावे. रकाना रिकामा राहिला तर ते मूल्य खोडावे.

रिट्झ-कार्ल्टनचे उदाहरण आपल्या धंद्यात देऊन देऊन गुळगुळीत झाले आहे, तरी त्यातली कामाची गोष्ट हमखास सुटते. आपण सभ्य स्त्रीपुरुष आहोत आणि सभ्य स्त्रीपुरुषांची सेवा करतो, हे त्यांचे बोधवाक्य हॉटेल मॅनेजमेंटच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ठाऊक असते. त्या कंपनीचे लोक आपल्या तत्त्वांचे कार्ड खिशात बाळगतात आणि दर पाळीच्या सुरुवातीला उभ्याउभ्या त्यातल्या एखाद्या मुद्द्यावर बोलतात. हेही अनेकांना माहीत असते. पण त्या कार्डाला वजन आले ते दुसऱ्याच एका नियमाने. पाहुण्याची अडचण सोडवायला कोणीही कर्मचारी, वरिष्ठाला न विचारता, २,००० डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. खोल्या आवरणारी बाईसुद्धा. अमेरिकेचे माल्कम बाल्ड्रिज गुणवत्ता पारितोषिक या कंपनीला १९९२ आणि १९९९ असे दोनदा मिळाले. आपल्या वीस खोल्यांच्या लॉजला २,००० डॉलर झेपणार नाहीत. ५०० रुपये झेपतील. रात्रपाळीच्या मुलाला ५०० रुपयांची मुभा आणि किचनची चावी दिली, तर पितळी चौकट काढून ठेवली तरी चालेल.

घरचे उदाहरण ताजचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात तिथले ११ कर्मचारी पाहुण्यांना वाचवताना गेले. बाहेर पडण्याच्या वाटा माहीत असूनही ही माणसे मागे का थांबली, याचा शोध रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी घेतला. त्यांचा लेख डिसेंबर २०११ च्या 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये आला. त्यांना उत्तर सापडले ते भरतीच्या आणि प्रशिक्षणाच्या पद्धतीत. मुले निवडताना महानगरांपेक्षा लहान गावांकडे पाहायचे, गुणपत्रिकेपेक्षा स्वभाव जोखायचा आणि इतर ठिकाणी बारा महिने शिकवतात तिथे अठरा महिने शिकवायचे. जादा सहा महिने माणूस शिकत ठेवायचा म्हणजे पैसे लागतात. ताजने ते आधीच मोजलेले होते.

ओबेरॉय समूहाच्या 'धर्म' नावाच्या आचारसंहितेत पाहुणा आधी, कंपनी नंतर आणि आपण स्वतः शेवटी, असा क्रम लावलेला आहे. कात्रीत सापडल्यावर कोणी मागे सरायचे हे ती सांगते, म्हणून ती वापरता येते. मात्र दहा तारीख उलटली तरी पगार न करणाऱ्या मालकाने ती उचलू नये. 'स्वतः शेवटी' हे ज्याचे घर वेळेवर चालते त्यालाच सांगता येते.

'पारदर्शकता' लिहिणाऱ्यांना सेवा शुल्काबद्दल विचारले पाहिजे. बिलात ते आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढली. आपल्या संघटना न्यायालयात गेल्या आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. कायद्याची लढाई लढण्याचा हक्क संघटनांना आहेच. पण बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात दहा टक्के आणि भिंतीवर ठळक अक्षरात पारदर्शकता, ही दोन्ही एका छताखाली नांदत नाहीत. एक तरी उतरवा.

खरे तर असा मजकूर लिहिण्याची आपली परंपरा जुनी आहे, आपण तिला फक्त त्या नावाने ओळखत नाही. पुण्याच्या खाणावळींतल्या पाट्या घ्या, इराण्याच्या हॉटेलातल्या सूचना घ्या. पानात टाकू नका, उगाच बसून राहू नका, आरशासमोर केस विंचरू नका. गिऱ्हाईक दुखावले तरी मालकाला काय चालत नाही याबद्दल शंका म्हणून राहत नसे. त्यातला खवटपणा वजा करून ती स्पष्टता घेता आली, तर सल्लागाराची फी वाचेल.

समजा, तारकर्लीला चार खोल्यांची न्याहारी-निवास योजना चालवणारे एक कुटुंब आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि नेमके तेव्हाच पावसाळी पर्यटक 'फ्रेश सुरमई' मागत येतात. या घराने पाटीवर एवढेच लिहावे: 'जून-जुलैत आमच्याकडे बर्फातली मासळी ताजी म्हणून वाढली जात नाही. खाडीचं काही मिळालं तर ते, नाहीतर काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या आणि सोलकढी.' शनिवार-रविवारची दोन कुटुंबे शेजारच्या घरी जातील. ही झाली किंमत. पण हे घर कशासाठी चालवले आहे, हे त्या पाटीवरून कळते आणि वाढणाऱ्या मुलीला रोज उठून खोटे बोलावे लागत नाही.

लिहायला बसताना इंग्रजी नमुन्याऐवजी तक्रारवही समोर ठेवावी. गेल्या वर्षभरात काम सोडून गेलेल्यांची यादीही ठेवावी, ती जास्त बोलकी असते. बैठकीला आचारी, कॅप्टन, भांडी घासणारी मावशी आणि रात्रपाळीचा माणूस हवा. मजकूर त्यांना कळेल त्या भाषेत लिहावा. आज आपल्या किचनमध्ये ओडिया, नेपाळी, बंगाली मुले आहेत, तेव्हा एकच वाक्य तीन भाषांत लिहावे लागले तरी हरकत नाही. पाच मूल्यांपेक्षा दोन बरी.

वाचकांनी आपल्या हॉटेलातले, लॉजमधले किंवा खाणावळीतले असे एक वाक्य आम्हाला पाठवावे. ते पाळताना गेल्या वर्षी किती रुपये सोडावे लागले, तो आकडाही सोबत लिहावा. आकडा नसलेली वाक्ये आम्ही छापणार नाही.