ललित कलांची परिषद माळेगावच्या वाटेवर

विद्यापीठांतून चित्र, शिल्प, संगीत, नृत्य व नाट्य या विषयांचे विभाग चालविणाऱ्या प्रमुखांनी अधूनमधून एकत्र बसावे आणि अभ्यासक्रम, परीक्षा, नेमणुका व निधी यांचा साकल्याने विचार करावा, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु अशा परिषदांचा एक ठरीव साचा तयार झाला आहे. उद्‌घाटन होते, बीजभाषण होते, शोधनिबंधांची सत्रे होतात आणि सायंकाळी 'सांस्कृतिक कार्यक्रम' होतो. त्या कार्यक्रमात संबळ वाजविणारा गोंधळी किंवा डफावर थाप मारणारा शाहीर दिवसाच्या चर्चेत कोठेच नसतो. त्याच्या कलेवर निबंध वाचला जातो तेव्हा तो मंडपाबाहेर आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेला असतो. दिवसा बोलणार कोण आणि रात्री गाणार कोण, याची ही वाटणी कोणत्याही ठरावाने झालेली नाही; आपल्या समाजरचनेतून ती आपोआप उतरली आहे. म्हणूनच तिचा विचार कार्यकर्त्यांनी केला पाहिजे.

महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठांच्या ललित कला विभागप्रमुखांची अशी एक परिषद नांदेड व लातूर येथे भरवावी, आणि तिची आखणी या साच्याबाहेर जाऊन करावी, अशी सूचना येथे करावयाची आहे.

नांदेडचे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे हैदराबाद मुक्तीच्या वर्धापनदिनी, मराठवाडा विद्यापीठाच्या विभाजनातून अस्तित्वात आले. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. ज्यांचे नाव त्याला दिले गेले ते स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी होते. पण त्याआधी ना. म. जोशी यांच्या हाताखाली कामगार चळवळीत घडलेले आणि पुढे हिप्परगा व अंबाजोगाई येथे शाळा चालविलेले शिक्षक होते. या विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कलांचे संकुल आहे. लातूर येथे विद्यापीठाचा उपपरिसर आहे. तेव्हा परिषदेला लागणारा संस्थात्मक आधार येथे नाही, असे कोणी म्हणू नये.

परंपरेचीही वाण नाही. नरहर कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापक व पुढे प्राचार्य होते. भरताच्या नाट्यशास्त्रावर त्यांनी येथेच बसून विचार केला, आणि राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांतून ते तरुणांशी बोलत राहिले. अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकलेले नाथराव नेरळकर याच भूमीतले. 'वाटा-पळवाटा' लिहिणारे दत्ता भगत नांदेडचेच. खरोशाची लेणी, निलंग्याचे व होट्टलचे चालुक्यकालीन शिल्पवैभव, किनवट-माहूरकडील बंजारा तांड्यांचे काचा-कवड्यांचे भरतकाम, गोंधळ, भारूड, आराधी मंडळींची गाणी आणि आंबेडकरी जलसा हे सारे एका दिवसाच्या प्रवासाच्या टापूत आहे.

मग उणीव कोठे आहे? ती मोजण्यात आहे. १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाचा शोध घेणारी सत्यशोधन समिती नेमली गेली. १९८४ च्या अहवालात तिने ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. त्यापैकी सुमारे ७५१ कोटी, म्हणजे शेकडा २३.५६, मराठवाड्याच्या वाट्याचा होता. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास व पशुवैद्यक सेवा अशी नऊ क्षेत्रे समितीने तपासली. कला हे त्यांतले स्वतंत्र क्षेत्र नव्हते. दुष्काळाने पिचलेल्या प्रदेशाचा हिशेब मांडताना पाणी आणि वीज आधी यावी, यात समितीचा दोष काढण्याचे कारण नाही. परंतु जे मोजले जात नाही त्याची मागणी होत नाही, आणि जिची मागणी होत नाही त्या गोष्टीला तरतूद मिळत नाही, हा अर्थसंकल्पाचा साधा नियम आहे. पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली, आणि या साऱ्या काळात कलाशिक्षणाचा अनुशेष कोणाच्याही कोष्टकात शिरला नाही.

कायद्याच्या रचनेतही हीच तऱ्हा दिसते. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने विद्यापीठीय ज्ञानाची मांडणी विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास अशा चार शाखांत केली. ललित कलांच्या नावाची स्वतंत्र विद्याशाखा त्यांत नाही. ज्या शाखेला नाव नाही तिचा अधिष्ठाता नाही, आणि विद्यापरिषदेत तिच्या बाजूने अधिकाराने बोलणारा कोणी असेलच, याची शाश्वती नाही. शालेय पातळीवर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शंभराहून अधिक पट असलेल्या सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलाशिक्षणाचा अर्धवेळ निदेशक अनिवार्य केला. त्याला पूर्णवेळ शिक्षक म्हणण्याचे धैर्य मात्र कायद्याला झाले नाही. तेव्हा विद्यापीठातून संगीताची वा चित्रकलेची पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडणारा अहमदपूरचा किंवा देगलूरचा मुलगा जाणार कोठे? शाळेत अर्धवेळ आणि महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, एवढाच मार्ग त्याच्यापुढे उरतो. विभागप्रमुखांच्या परिषदेत पहिला विषय हाच असला पाहिजे. अभ्यासक्रमाची नवी परिभाषा त्यानंतर यावी.

दुसरा विषय याहून गंभीर आहे. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंध अधिनियमाने भीक मागण्याची जी व्याख्या केली तीत, सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करून दाखविणे अशा कोणत्याही निमित्ताने दान मागणे वा स्वीकारणे याचाही समावेश आहे. पहिल्याच अपराधाला एक ते तीन वर्षे संस्थेत स्थानबद्ध करून ठेवण्याची त्यात तरतूद आहे. गुन्हेगार जमातींचा १८७१ चा ब्रिटिश कायदा १९५२ साली रद्द झाला, आणि सात वर्षांच्या आत त्याची छाया या नव्या कायद्यावर पडली. गोंधळी, वासुदेव, बहुरूपी, चित्रकथी, गोपाळ, नंदीवाले या भटक्या जमातींची नावे उच्चारली, म्हणजे या व्याख्येचा रोख कोणाकडे वळतो हे निराळे सांगावे लागत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्यातील भीक मागणे हा गुन्हा ठरविणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. परंतु तो निर्णय दिल्लीपुरता आहे. अर्थ असा की, जी कला विद्यापीठात 'प्रयोगजीवी' या भारदस्त नावाने शिकविली जाते आणि जिच्यावर प्रबंध लिहून विद्यावाचस्पती होता येते, तीच कला पिढ्यानपिढ्या जगविणारा माणूस बाजारपेठेत ती करून पैसे घेऊ लागला, तर तो कायद्याच्या कक्षेत भिकारी ठरू शकतो. ज्ञानाची मालकी एकाकडे आणि उपासमार दुसऱ्याकडे, असा हा व्यवहार आहे. व्याख्येतील हे शब्द काढून टाकावेत, असा एकमुखी ठराव विद्यापीठांच्या कला विभागप्रमुखांनी केला, तर शासनाला त्याची दखल घेणे भाग पडेल. निदान आपण कोणाच्या अन्नावर विद्वान झालो, याची जाणीव तरी नोंदली जाईल.

आता आखणीविषयी. परिषदेचा काळ मार्गशीर्ष महिन्याच्या अखेरीचा ठेवावा. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते. हे गाव नांदेड-लातूर रस्त्यावरच आहे. घोडे, उंट, गाढवे, बैल यांचा बाजार, कुस्त्या, वाघ्या-मुरळीची जागरणे, फड आणि भटक्या जमातींचे मेळे हे सारे तेथे एकाच माळावर भेटते. परिषदेचे पहिले दोन दिवस नांदेडला विद्यापीठात, चतुर्दशीचा दिवस माळेगावी आणि शेवटचे दोन दिवस लातूरला, असा क्रम ठेवता येईल. मधली अमावास्या मात्र मोकळी सोडावी. त्या दिवशी वेळ अमावास्या, लातूरकडच्या बोलीत 'येळवस' असते. गावे आणि शहरे ओस पडतात, आणि सारे लोक शेतात भज्जी, आंबील व उंडे खायला जातात. त्या दिवशी लातुरात सत्र ठेवणारा संयोजक रिकाम्या खुर्च्यांपुढे बोलेल. पाहुण्यांनीही शेतकऱ्यांच्या कोपीत बसून जेवावे. त्यासाठी वेगळ्या मेजवानीची गरज पडणार नाही.

निमंत्रणाचे सूत्र असे असावे की, जितके विभागप्रमुख तितकेच कलावंत व शालेय कलाशिक्षक. कलावंतांना प्रवासखर्च व भत्ता प्राध्यापकांइतकाच द्यावा, आणि तो त्याच दिवशी हातात द्यावा. दिवसाच्या सत्रांत त्यांना वक्ते म्हणून बोलवावे. त्यांच्यातल्या ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे कथन विद्यार्थ्यांनी उतरून घ्यावे आणि ते परिषदेच्या अहवालात निबंधांच्या बरोबरीने छापावे. स्मृतिचिन्हे, शाली, नारळ, रंगीत फलक यांवर एक पैसाही खर्च करू नये. निवास वसतिगृहांत व्हावा. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे परिषदेने पाण्याच्या सीलबंद बाटल्यांचा ढीग रचणे शोभणारे नाही.

हे सारे स्वप्नाळू आहे, असा आक्षेप येईल. त्याला इतिहासच उत्तर देतो. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनच्या कलाभवनातून नंदलाल बोस यांना बोलावून घेतले. गावात मिळणारे बांबू व तत्सम साहित्य आणि गावचेच कारागीर एवढ्यावर त्यांनी ते नगर उभे केले. १९३८ साली हरिपुरा येथे त्यांनी ग्रामजीवनाची चित्रे रंगविली, ती आज भारतीय कलेचा ठेवा मानली जातात. देशातील एका श्रेष्ठ कलाशिक्षकाला खेड्याच्या साहित्यात काम करताना कमीपणा वाटला नाही. फैजपूरसाठी गावोगाव हिंडलेल्या साने गुरुजींचा वारसा सांगणाऱ्यांना तर हा प्रयोग परका वाटण्याचे कारणच नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांकडून येईल. शेतकरी गळफास घेत आहे, सोयाबीनला भाव नाही, अशा वेळी कलेच्या परिषदा कशाला? हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण अपुरा आहे. कला ही पोट भरल्यानंतरची चैन आहे, हे मत मुळात पोट भरलेल्यांचे आहे. पोतराजाच्या आणि गोंधळ्याच्या घरात कला हेच पोट आहे. त्याच्या मजुरीचा प्रश्न हा शेतमजुराच्या मजुरीइतकाच आर्थिक प्रश्न आहे. वृद्ध कलावंतांच्या मानधनाकडे पाहावे. २०२४ पर्यंत शासन त्यांची राष्ट्रीय, राज्य व जिल्हा अशी वर्गवारी करी, आणि ज्याची कीर्ती कमी त्याचे मानधन कमी असे. म्हातारपणीची भूक कीर्तीच्या प्रमाणात वाटली जात होती. आता सरसकट दरमहा ५,००० रुपये झाले हे योग्यच झाले. परंतु तेथे पोहोचण्यासाठी कलासेवेचे पुरावे व कागदपत्रे लागतात, आणि पालावर जन्म गेलेल्या माणसाने ती कोठून आणावीत? विद्यापीठाच्या कला विभागाने अशा कलावंताची नोंद करून दाखला द्यावा व तो शासनाने ग्राह्य धरावा, हा परिषदेचा तिसरा ठराव व्हावा.

समाजवादी चळवळीला कलेचे वावडे कधीच नव्हते. सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापटांची लेखणी आणि लीलाधर हेगडे यांचा आवाज गावोगाव नेला. निळू फुले आणि राम नगरकर त्याच मांडवातून पुढे आले. पु. ल. देशपांडे यांनी 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य याच पथकासाठी लिहिले. पुढे चळवळ पांगली आणि कलापथके स्मरणिकांत उरली. या घसरणीचा दोष केवळ शासनावर किंवा दूरचित्रवाणीवर ढकलणे सोयीचे असले तरी खरे नाही. गावच्या कलावंताला आपण सभेपूर्वी गर्दी जमविण्यापुरते वापरले, आणि सभा सुरू झाल्यावर त्याला खाली बसविले. परिषदांचा जो साचा वर दोषास्पद ठरविला तो आपल्याही मंचावर होता.

परिषद विद्यापीठाने भरवायची आहे, पक्षाने नव्हे. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी करावयाचे काम त्याआधीचे आहे. चारही जिल्ह्यांतील साथींनी येत्या मार्गशीर्षापूर्वी आपापल्या तालुक्यातील कलावंतांची यादी करावी. नाव, वय, कला, मानधनासाठी अर्ज केला काय, केला असल्यास तो कोठे अडला, आणि गावात वा बाजारात कला सादर करताना पोलिसांनी कधी हटकले काय, एवढ्या नोंदी पुरेत. सोबत तालुक्यातील किती शाळांत कलाशिक्षक आहे व किती शाळांत नाही याचीही मोजदाद करावी. या याद्या घेऊन विद्यापीठाच्या कुलगुरूंना आणि कला संकुलाच्या प्रमुखांना शिष्टमंडळाने भेटावे. दांडेकर समितीच्या कोष्टकात जो रकाना नव्हता तो भरण्याचे काम तालुक्यांतूनच सुरू करावे लागेल.