सेट बदलू नका, आधी अर्थिंग बघा!

‘स्टँडिंग वेव्ह रेशो म्हणजे काय?’ असा आठ मार्कांचा प्रश्न आला, तर इलेक्ट्रॉनिक्सवाले तुम्ही सगळे तो लिहून याल. आकृती, सूत्र, खाली चौकटीत उत्तर. आता खरं सांगा, तो रेशो तुम्ही स्वतःच्या हाताने कधी मोजलाय? आणि कॉमर्स-आर्ट्सवाल्यांनो, पान उलटू नका. गोष्ट रेडिओची असली तरी ती तुमच्या स्कूटीपर्यंत येणार आहे.

मी अमेरिकेत शिकत होतो तेव्हा माझ्या रूममेटने एक जुनी फोर-बाय-फोर घेतली होती. युटा राज्यात मोआब नावाचं गाव आहे. त्याच्या आसपास लाल खडकांवरून गाड्या चढवायचे, उतरवायचे रस्ते आहेत. तिथे बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नसते, म्हणून आमच्या ताफ्यातल्या पाच गाड्या सीबी रेडिओवर बोलत होत्या. एका उतारावर पुढची गाडी वळणापलीकडे आडवी अडकली. तिने ‘थांबा’ म्हणून सांगितलं. मधल्या गाड्यांना ऐकू गेलं, आम्हाला नुसती खरखर. वळण घेतलं तर समोर गाडी! ब्रेक दाबला, चाकं घसरली आणि आम्ही हातभर अंतरावर थांबलो. कुणाला काही झालं नाही. पण त्यानंतर बराच वेळ गाडीत कुणी बोललं नाही.

परत आल्यावर आम्ही काय केलं असेल? तेच, जे तुम्ही केलं असतं. नवा सेट आणला. आणि खरखर तशीच राहिली.

आधी हा सीबी काय प्रकार आहे ते सांगतो. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य माणसाला बोलण्यासाठी दिलेला २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत तो ट्रकवाल्यांनी डोक्यावर घेतला. डिझेल कुठे मिळतंय, पुढे पोलीस कुठे उभे आहेत, हे एकमेकांना सांगायला. १९७७ पासून तिथे ४० चॅनल आहेत. ९ नंबर आणीबाणीसाठी राखीव, तर १९ नंबरवर हायवेचे ट्रकवाले. नेहमीच्या एएम सेटची ताकद नियमाने फक्त ४ वॅट. तुमच्या खोलीतल्या ९ वॅटच्या एलईडी बल्बच्या निम्म्याहून कमी! एवढ्याशा ताकदीत काही किलोमीटर बोलायचं, तर जवळपास सगळी मदार अँटेनावर.

आणि इथेच आपली समजूत चुकते. अँटेना म्हणजे गाडीवर उभी केलेली काठी असं आपण धरून चालतो. ती काठी म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे गाडीचा पत्रा. २७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ११ मीटर, तिचा पाव भाग पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट. एवढी काठी घेऊन झाडाखालून जाता येत नाही, म्हणून तीन-चार फुटांच्या काठीत तारेचे वेढे घालून ती लांबी भागवतात. पण काठी कितीही भारी आणा, खालचा पत्रा तिच्याशी नीट जोडलेला नसेल तर उपयोग शून्य. म्हणूनच टपाच्या मधोमध अँटेना सगळ्यात चांगली चालते. फायबरच्या बॉडीवर ती रडते, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या टपावर तर मॅग्नेटचा बेस चिकटतच नाही.

आमचा आजार सापडला एका ट्रक थांब्यावर. तिथल्या वयस्क मेकॅनिकने सेटला हातसुद्धा लावला नाही. आधी त्याने काठी हलवून बघितली. मग मल्टिमीटरचं एक टोक अँटेनाच्या ब्रॅकेटला आणि दुसरं गाडीच्या चासीला लावलं. रीडिंग शून्याजवळ यायला हवं होतं. ते नाचत होतं. मागचा दरवाजा हलवला की आणखी नाचायचं. आमचा ब्रॅकेट मागच्या दरवाजावर, स्टेपनीच्या मागे होता. त्यावर पावडर कोटिंगचा जाड रंग, आणि दरवाजा लटकलेला ग्रीस भरलेल्या बिजागऱ्यांवर. म्हणजे काठीला तिची उरलेली अर्धी अँटेना मिळतच नव्हती. आपला गॅरेजवाला एका शब्दात सांगेल, ‘बॉडी अर्थ नाही.’

इलाज काय? बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर टाकला, आणि दरवाजापासून बॉडीपर्यंत विणलेल्या तांब्याची एक पट्टी जोडली. आधी सगळ्या चॅनलवर तीनच्या वर असलेला रेशो दीडच्या खाली आला. तीनचा अर्थ माहितीये? चार वॅटमधला एक वॅट अँटेनाकडून परत फिरतोय. दीडला हेच प्रमाण चार टक्के. नव्या सेटचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

त्या माणसाचा क्रम मला आजही पाठ आहे. तुम्हीही ठेवा.

एक, डोळ्यांनी बघा. केबल दरवाजात चेमटली आहे का, कनेक्टर ढिला आहे का, केबलची जाळी हिरवी-काळी पडली आहे का. पडली असेल तर आत पाणी गेलंय. तेवढा तुकडा कापून टाका, नाहीतर केबल बदला.

दोन, मीटर लावा. ब्रॅकेट ते चासी जोडलेलं हवं. अँटेना आणि सेट दोन्ही काढल्यावर केबलची मधली तार आणि बाहेरची जाळी एकमेकांना लागलेली नको. लागत असतील तर काठीच्या बुडाचा नायलॉनचा वॉशर बघा. तो उलटा किंवा चुकीच्या जागी बसला की सगळं शॉर्ट.

तीन, मग रेशो मोजा, १ नंबरच्या चॅनलवर आणि ४० नंबरच्या. ४० वर जास्त आला तर काठी लांब आहे, १ वर जास्त आला तर आखूड. दोन्हीकडे तीनच्या वर असेल तर काठीला हात लावू नका, परत अर्थिंगकडे जा. अँटेना जोडल्याशिवाय माईकचं बटण दाबायचं नाही, सेट जळू शकतो. आणि लांब काठी उभी करताना आधी डोक्यावर विजेच्या तारा आहेत का ते बघायचं.

चार, शेवटी कुणाला तरी हाक मारून ‘ऐकू येतंय का?’ विचारा. कारण अँटेनाच्या जागी ५० ओहमचा नुसता रेझिस्टर लावला तरी मीटर सुंदर रेशो दाखवतो, आवाज मात्र कुठेच पोहोचत नाही!

यात कुठेही ‘नवीन आणा’ नाही. ते शेवटी येतं, आजार सापडल्यावर.

आता तुम्ही म्हणाल, मोबाईलच्या जमान्यात सीबी कुणाला हवाय? बरोबर आहे. अमेरिकेतही त्याचा जोर ओसरलाय. डोंगरात फिरणारे बरेच जण दुसऱ्या रेडिओंकडे वळलेत. माझं म्हणणं सीबी घ्या असं नाहीच. माझं म्हणणं आपल्या सवयीबद्दल आहे. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. आजार शोधण्यात वेळ जातो, पार्ट बदलणं पटकन होतं. पण चुकीचा पार्ट बदलला की पैसे जातात, आजार राहतो, आणि आपल्याला वाटतं काम झालं. त्या उताराआधीही आमच्या सेटचा दिवा छान पेटत होता.

आपल्याकडे २००५ पासून २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ५ वॅटपर्यंतच्या सेटला लायसन्स लागत नाही. तरी अमेरिकी सेट जसाच्या तसा गाडीत लावू नका, आधी सेटच्या मान्यतेच्या आणि अँटेनाच्या अटी वाचा. खरी गोडी लागली तर हॅम रेडिओची परीक्षा द्या, बारा वर्षांच्या वरचं कुणीही देऊ शकतं. तिथे १४५ मेगाहर्ट्झवर पाव लहरीची काठी फक्त अर्ध्या मीटरची. वर्कशॉपमध्ये दुपारभरात बनते.

कॉलेजांनाही एक विनंती. त्या आठ मार्कांच्या प्रश्नासोबत एक दुपार पार्किंगमध्ये घालवू द्या. एचओडी सरांच्या गाडीच्या टपावर एक काठी, एक मीटर, आणि गटातल्या एकाने मुद्दाम करून ठेवलेला एक बिघाड. बाकीच्यांनी तो शोधायचा. जर्नलमध्ये उतरवून काढता येणार नाही असं एक तरी प्रॅक्टिकल होऊ द्या.

आणि तोवर? स्कूटीचा हॉर्न घोगरा झाला किंवा इंडिकेटर लावला की हेडलाइट मंद व्हायला लागला, तर लगेच नवा हॉर्न, नवी बॅटरी आणू नका. गॅरेजवाल्या काकांना विचारा, ‘काका, बॉडी अर्थ बघितलात का?’ नाहीतर स्वतःच बघा. मल्टिमीटरला लायसन्स लागत नाही.