विश्लेषण : निम्मे पदार्थ 'टोपोलॉजिकल', मग वापरात एकही का दिसत नाही?

आतून विद्युतरोधक, पृष्ठभागावर मात्र वाहक. बिस्मथ सेलेनाइडचा स्फटिक असा असतो, हे २००९ मध्ये गणिताने सांगितले आणि प्रयोगातही दिसले. असे 'टोपोलॉजिकल' पदार्थ दुर्मीळ असावेत, असे तेव्हा वाटे. 'सायन्स' नियतकालिकातील २०२२ च्या शोधनिबंधाने हा समज मोडीत काढला. ३८ हजारांहून अधिक अचुंबकीय पदार्थांच्या संगणकीय छाननीत ५२.६५ टक्के पदार्थ टोपोलॉजिकल निघाले. त्यात अर्थात रोधकांबरोबर अर्धधातूही आहेत.

छाननी कशी झाली?

क्ष-किरणांनी कळलेल्या स्फटिकरचनांचा मोठा कोश आधीच तयार आहे. त्यातील रचना घेऊन संगणक इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्या काढतो. खरी युक्ती पुढे आहे. त्रिमितीत स्फटिकांच्या सममितीचे प्रकार २३० च. त्यामुळे पट्ट्यांची सममिती काही मोजक्या बिंदूंवर तपासली तरी पुरते. आपापल्या अणूंपाशी बांधलेल्या इलेक्ट्रॉनांपासून जो हिशेब येतो, त्याच्याशी ती जुळली नाही तर पदार्थ टोपोलॉजिकल. दुकानदाराचा ताळेबंद जुळत नसेल, तर प्रत्येक पावती न पाहताही गडबड कळते, तसेच हे.

मेख कुठे आहे?

ताळेबंद जुळला म्हणजे गडबड नाहीच, असेही नाही. टँटलम आर्सेनाइड हा २०१५ मध्ये प्रयोगाने सिद्ध झालेला वाइल अर्धधातू या चाळणीतून निसटतो, कारण त्याचे वेगळेपण त्या मोजक्या बिंदूंबाहेर आहे. उलट, नेहमीच्या गणनपद्धती पट्ट्यांमधील अंतर कमी दाखवतात. त्यामुळे एखादा साधा अर्धवाहकही टोपोलॉजिकल ठरू शकतो. म्हणून ५२.६५ मधील दशांश चिन्हावर फार भिस्त ठेवू नये.

त्याहून मोठी अडचण भट्टीत आहे. बिस्मथ सेलेनाइड वाढवताना सेलेनियमचे काही अणू निसटतात, रिकाम्या जागांमुळे आतला भागही वीज वाहू लागतो आणि पृष्ठभागावरचा प्रवाह त्यात बुडून जातो. संगणकातला स्फटिक निर्दोष असतो, भट्टीतला नसतो.

भारतासाठी काय?

२०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुमारे ६,००३ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये टोपोलॉजिकल पदार्थांची निर्मितीही आहे. पदार्थांच्या याद्या इंटरनेटवर कुणालाही खुल्या आहेत. त्यासाठी वेगळा खर्च नको. शुद्ध स्फटिक वाढवणाऱ्या प्रयोगशाळा आणि तिथे वर्षानुवर्षे टिकणारी माणसे यांवर यातले किती खर्च होतात, तेच पाहायला हवे.